फिटनेस वॉच घेताय? त्यातला कोणता आकडा मोजलेला असतो आणि कोणता अंदाज, हे आधी समजून घ्या

मनगटावरचं घड्याळ आता वेळेपेक्षा इतर गोष्टीच जास्त सांगतं. आज किती पावलं चाललात, किती कॅलरी खर्च झाल्या, रात्री गाढ झोप किती लागली, रक्तात ऑक्सिजन किती आहे, ताण किती आहे. काही घड्याळं तर आज पळायला जावं की घरी विश्रांती घ्यावी, याचाही सल्ला देतात.

दिवाळीच्या सेलमध्ये दीड हजारापासून लाखाच्या घरापर्यंतची घड्याळं एकाच पानावर दिसतात. वैशिष्ट्यांची यादी वाचली तर दोन हजारांचं घड्याळ पंचवीस हजारांच्या घड्याळाच्या तोडीस तोड वाटतं. मोठा स्क्रीन, १०० हून जास्त स्पोर्ट्स मोड, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, झोप असं सगळंच त्यात असतं. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

याचं उत्तर यादीत मिळत नाही. स्क्रीनवर दिसणारा आकडा कुठून आला, हे पाहिलं की मिळतं. आणि ते माहीत असणं फक्त पैसे वाचवण्यासाठी गरजेचं नाही. या आकड्यांवर विसंबून लोक जेवण ठरवतात, व्यायाम वाढवतात आणि कधीकधी डॉक्टरकडे जायचं की नाही हेही ठरवतात.

घड्याळ खरोखर काय मोजतं?

बहुतेक फिटनेस वॉचमध्ये मुख्य सेन्सर तीनच असतात.

पहिला हालचाल टिपणारा अ‍ॅक्सिलरोमीटर. हात कोणत्या दिशेला, किती झटक्याने हलला, हे त्याला कळतं. दुसरा घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारा प्रकाशाचा सेन्सर. तिसरा उपग्रहांचे संदेश पकडणारा जीपीएस रिसीव्हर. हा तिसरा स्वस्त घड्याळांमध्ये बऱ्याचदा नसतोच. महागड्या घड्याळांत यांच्या जोडीला हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर, तापमानाचा सेन्सर किंवा ईसीजीसाठी इलेक्ट्रोड असतात.

बाकीचे सगळे आकडे या दोन-तीन सेन्सरच्या माहितीवर सॉफ्टवेअरने केलेली गणितं असतात. त्यामुळे विश्वासाच्या तीन पायऱ्या करता येतात.

- बऱ्यापैकी थेट मोजलेलं: उपग्रहांवरून काढलेलं अंतर, विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके, पावलं.
- अंदाज, पण कल समजायला उपयोगी: व्हीओटू मॅक्स, झोपेची एकूण वेळ, हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार.
- ढोबळ अंदाज: कॅलरी, झोपेचे टप्पे, ताणाचा गुण, 'रिकव्हरी'चे तास.

घड्याळ घेताना पहिल्या पायरीवरचे आकडे किती चांगले येतात, ते आधी तपासावं. तिथेच गडबड असेल तर वरच्या दोन पायऱ्यांनाही काही अर्थ उरत नाही, कारण त्यांचं गणित याच आकड्यांवर चालतं.

मनगटावर ठोके कसे कळतात?

घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा जास्त प्रकाश शोषला जातो आणि कमी परत येतो. परत येणाऱ्या प्रकाशातले हे चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा आकडा काढतं.

सोफ्यावर बसलेलं असताना हे काम सोपं असतं. पळताना हात सतत हलतो, घड्याळ त्वचेवर सरकतं, घाम येतो, बाहेरचा उजेड आत शिरतो. तेव्हा मूळ लाट शोधणं अवघड होतं. दोन हजारांच्या आणि वीस हजारांच्या घड्याळातला खरा फरक बहुतेकदा इथे पडतो. दोघांकडेही हिरवा दिवा असतो, पण हालचालीचा गोंधळ वेगळा काढण्याचं तंत्र सारखं नसतं.

यातली एक ठरलेली चूक प्रत्येक नव्या धावपटूला माहीत हवी. पळताना आपली पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. काही वेळा घड्याळ हीच लय पकडतं आणि तिलाच हृदयाचे ठोके समजतं. सहज गप्पा मारत पळताय, दम लागलेला नाही आणि घड्याळ १७५ ठोके दाखवतंय, तर घाबरण्याआधी हा संशय घ्यावा. थांबून मानेवर किंवा मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दोनाने गुणावं. आकडा बराच कमी आला तर चूक घड्याळाची आहे.

मनगटावर टॅटू असेल, थंडीने हात गार पडले असतील किंवा पट्टा सैल असेल तर आकडे आणखी बिघडतात. म्हणून पळताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर आणि सरकणार नाही इतपत घट्ट बांधायचं असतं. वजन उचलताना किंवा सायकलचा हँडल आवळून धरतानाही मनगटावरचं मोजमाप चुकू शकतं.

ज्यांना ठोक्यांवरूनच सराव करायचा आहे, त्यांच्यासाठी छातीला बांधायचा पट्टा अजूनही जास्त भरवशाचा आहे. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. हे तंत्र जुनं आहे. फिनलंडच्या पोलर कंपनीने असा बिनतारी मॉनिटर १९८२ मध्येच बाजारात आणला होता. बहुतेक रनिंग वॉचना असा पट्टा ब्लूटूथने जोडता येतो.

समाजमाध्यमांवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरतो. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला घड्याळ बांधलं जातं आणि घड्याळ 'ठोके' दाखवतं. यावरून ते घड्याळ बनावट आहे असं ठरत नाही. सेन्सर परत येणाऱ्या प्रकाशातला चढउतार शोधत असतो. समोर मनगट आहे की कागद, हे प्रत्येक घड्याळाला ओळखता येतंच असं नाही. पण आकडा दिसतोय म्हणजे तो बरोबर आहे असं नाही, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

'झोन'चं गणित सगळ्यांना लागू पडतं का?

घड्याळ ठोक्यांचे पाच रंगीत झोन दाखवतं. त्यांचा पाया असतो तुमचे जास्तीत जास्त ठोके. तुम्ही वेगळं काही भरलं नसेल तर घड्याळ ते बहुतेकदा वयावरून काढतं. '२२० वजा वय' हे सूत्र सर्वाधिक वापरलं जातं. म्हणजे ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी १७५.

ही सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत यात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो, कधी त्याहून जास्त. ज्याचे खरे जास्तीत जास्त ठोके १८८ आहेत, त्याला घड्याळ विनाकारण 'वेग कमी करा' म्हणत राहील. ज्याचे १६३ आहेत, त्याला मात्र आरामात पळतोय असं सांगत खूप दमवेल.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली औषधं घेणाऱ्यांनी तर वयावरून काढलेले झोन वापरूच नयेत. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही या गटातली नेहमीची नावं. ही औषधं ठोक्यांचा वेग कमी ठेवतात. त्यामुळे शरीराला बराच ताण पडला तरी घड्याळातला आकडा कमीच राहतो.

यावर साधा उपाय म्हणजे बोलून पाहणं. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग सोपा आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो कठीण आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी एवढं पुरतं.

घड्याळ म्हणतं १०.५ किलोमीटर, स्पर्धा होती १० ची. कोण बरोबर?

पळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येक स्पर्धेनंतर हा वाद होतो. तो समजून घ्यायला आधी जीपीएस पाहू.

घड्याळ किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून स्वतःची जागा काढतं. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बेइदू या यंत्रणाही आज बरीच घड्याळं वापरतात. भारताच्या नाविक यंत्रणेच्या मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून तिच्यातही एल१ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वारंवारितेचा समावेश झाला आहे.

मोकळ्या मैदानावर हे काम चांगलं होतं. उंच इमारती आल्या की संदेश काचेवर, भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही रस्त्याच्या पलीकडे आहात. मुंबईत लोअर परळच्या टॉवरमधून पळणाऱ्यांचा मार्ग नकाशावर नागमोडी दिसतो तो यामुळे. दाट झाडी, पूल आणि डोंगराची कडा यांचाही असाच त्रास होतो. 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' किंवा 'ड्युअल बँड' लिहिलेली घड्याळं एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारितांवर संदेश घेतात. त्यामुळे आपटून आलेले संदेश ओळखणं त्यांना सोपं जातं. मोकळ्या रस्त्यावर पळणाऱ्याला यासाठी जास्त पैसे मोजायची फारशी गरज नाही. उंच इमारतींच्या गर्दीत किंवा घाटात पळणाऱ्याला फरक जाणवतो.

आता स्पर्धेच्या अंतराकडे वळू. अधिकृतपणे मोजलेला मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणाच्या आतल्या बाजूने मोजतात. तो कमी भरू नये म्हणून त्यात ०.१ टक्का जास्त अंतर धरतात. मॅरेथॉनसाठी हे सुमारे ४२ मीटर होतात. पळणारा मात्र गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे वळत जातो. त्यात जीपीएसच्या बारीक चुकांची भर पडते. म्हणून अधिकृत मोजमाप झालेल्या स्पर्धेत घड्याळ थोडं जास्त अंतर दाखवणं स्वाभाविक आहे.

याचा फटका कसा बसतो, ते आकड्यांत पाहा. ४२.१९५ किलोमीटर चार तासांत पूर्ण करायचे तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद हा वेग हवा. पण घड्याळात एकूण अंतर ४२.६ भरणार असेल तर घड्याळातल्या ५:४१ ने पळणारा दोन मिनिटं उशिरा पोहोचेल. त्याला घड्याळात ५:३८ च्या आसपास ठेवावं लागेल. अनुभवी धावपटू म्हणूनच रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकांवर नजर ठेवतात.

खरेदी करताना 'जीपीएस' या एका शब्दावर जाऊ नका. 'बिल्ट-इन जीपीएस' म्हणजे रिसीव्हर घड्याळातच आहे आणि फोन घरी ठेवून पळता येतं. 'कनेक्टेड जीपीएस' म्हणजे फोन खिशात असेल तरच अंतर नीट मिळेल. दोन्ही नसेल तर घड्याळ पावलांची संख्या गुणिले पावलाची अंदाजे लांबी एवढंच करतं. त्यात ५ टक्के चूक झाली तरी १० किलोमीटरमागे अर्धा किलोमीटर. तासाभरात १० किलोमीटर पळणाऱ्याचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं असतो, पण घड्याळ ५:४३ दाखवून उगाच खूश करेल.

दहा हजार पावलं कुठून आली?

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट होती. १९६५ मध्ये यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र आणलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव लक्षात राहिलं आणि पुढे तेच जगभर लक्ष्य झालं.

२०१९ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात वयस्कर स्त्रियांची पाहणी झाली होती. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. म्हणजे ३,००० वर असलेल्या माणसाने ५,००० वर जाणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. घड्याळाने 'लक्ष्य अपूर्ण' म्हटलं म्हणून ते वाया जात नाही.

पावलं मोजण्याच्या काही गमती लक्षात असू द्या. हात हलला की घड्याळाला पाऊल वाटू शकतं. त्यामुळे पोळ्या लाटताना, टाळ्या वाजवत भजन म्हणताना किंवा खड्ड्यांतून दुचाकीवर जाताना काही पावलं फुकट जमा होतात. उलट सुपरमार्केटची ट्रॉली किंवा बाळाची गाडी ढकलताना हात स्थिर असतो, तेव्हा खरी पावलंही सुटतात. दिवसाच्या हिशेबात थोडंफार इकडेतिकडे होणारच. आठवड्याची सरासरी वाढतेय की घटतेय, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

कॅलरीच्या आकड्यावर जेवण ठरवू नका

घड्याळातला सर्वांत कच्चा आणि लोक सर्वांत जास्त गंभीरपणे घेतात तो आकडा म्हणजे कॅलरी.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं ६० जणांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र त्यातल्या सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. तेव्हापासून उपकरणं सुधारली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे. मनगटावरून ऊर्जेचा खर्च मोजता येत नाही. वजन, वय, ठोके आणि हालचाल यांवरून तो अंदाजे काढावा लागतो.

पळण्यासाठी एक ढोबळ हिशेब सोपा आहे: एक किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी. ७० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर पळल्यास सुमारे ३५० कॅलरी. घड्याळ ६०० म्हणत असेल तर त्यात काहीही न करता शरीर खर्च करतं त्या कॅलरीही मिळवल्यात का, ते पाहा. अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' आणि 'टोटल' असे दोन आकडे असतात. टोटलमध्ये बसल्याजागी होणारा खर्चही धरलेला असतो.

एका वडापावात साधारण तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. घड्याळाच्या ६०० वर विसंबून पळून आल्यावर दोन वडापाव खाल्ले तर खर्चापेक्षा जमा जास्त होते. 'रोज पळूनही वजन का कमी होत नाही' या प्रश्नाचं एक उत्तर इथे असू शकतं.

झोप, व्हीओटू मॅक्स आणि ताण

झोपेचे टप्पे ओळखण्याची खरी चाचणी रुग्णालयात होते. तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात आणि त्यात मेंदूच्या लहरी नोंदवतात. घड्याळाकडे फक्त हालचाल आणि ठोके असतात. त्यामुळे किती वाजता झोपलात आणि उठलात हे ते बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप ४२ मिनिटं की ७०, हा आकडा मात्र मनावर घेऊ नये. झोपेचे आकडे सुधारण्याच्या काळजीनेच झोप बिघडलेली माणसं डॉक्टरांकडे येऊ लागली, तेव्हा २०१७ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं.

व्हीओटू मॅक्स म्हणजे जोरदार व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं माप. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून ते मोजतात. घड्याळ वेग आणि ठोके यांच्या नात्यावरून अंदाज करतं. एप्रिल-मेच्या उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त काम पडतं, त्याच वेगाला ठोके वाढतात आणि घड्याळ 'तुमची क्षमता घटली' असं सांगतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पळणाऱ्याने हे वाचून खचू नये. पावसाळ्यानंतर तोच आकडा पुन्हा वर येताना दिसतो.

ताण आणि रिकव्हरीचे गुण प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने काढते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या घड्याळांतल्या या गुणांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

आजार ओळखण्यासाठी घड्याळ चालेल का?

इथे चूक महागात पडू शकते, म्हणून थोडं सविस्तर.

ईसीजी: काही घड्याळांत ईसीजी काढता येतो. अ‍ॅपलच्या घड्याळातल्या ईसीजीला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली. ही एकाच लीडची नोंद असते. रुग्णालयातला ईसीजी १२ लीडचा असतो. घड्याळ हृदयाची अनियमित लय, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता दाखवू शकतं आणि काहींना त्याचा खरोखर फायदा होतो. पण हृदयविकाराचा झटका ते ओळखू शकत नाही. हे कंपनीही स्पष्ट सांगते.

रक्तदाब: काही घड्याळं रक्तदाब दाखवतात, पण त्यातल्या सॅमसंगसारख्या पद्धतीत दंडाला बांधायच्या यंत्राशी दर चार आठवड्यांनी आकडे जुळवून घ्यावे लागतात. कोणतीही जुळवणी न मागता दोन हजारांचं घड्याळ रक्तदाब दाखवत असेल तर त्यावरून गोळी कमी-जास्त करणं धोक्याचं आहे.

साखर: एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला होता की सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नयेत. अशा एकाही उपकरणाला तोवर मान्यता नव्हती. इन्सुलिन घेणाऱ्याने चुकीच्या आकड्यावर डोस ठरवला तर जीवावर बेतू शकतं.

ऑक्सिजन: मनगटावरचं हे मोजमाप बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरपेक्षा कमी भरवशाचं असतं. धाप लागत असेल तर घड्याळात ९८ दिसतंय म्हणून थांबू नये.

छातीत दुखणं किंवा दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही पळताना जाणवलं तर थांबा, सोबतच्यांना सांगा आणि १०८ ला फोन करा. घड्याळातले ठोके 'नॉर्मल' आहेत का, हे तेव्हा पाहत बसू नये.

मग कोणासाठी कोणतं?

किमती सेलनुसार बदलतात, म्हणून इथे अंदाजे पट्टे दिले आहेत.

रोज चालणाऱ्यांसाठी: पावलं, झोपेची वेळ आणि बसून राहिल्याची आठवण एवढंच हवं असेल तर नावाजलेल्या कंपनीचा दोन ते पाच हजारांतला बँड पुरेसा आहे. रक्तदाब, साखर यांच्या दाव्यांसाठी जास्त पैसे देऊ नका.

५ ते १० किलोमीटर पळणाऱ्यांसाठी: बिल्ट-इन जीपीएस असलेलं घड्याळ घ्या. साधारण सहा ते बारा हजारांत अशी घड्याळं मिळतात. फोन नेहमी सोबतच असतो असं असेल तर कनेक्टेड जीपीएसही चालेल.

हाफ किंवा फुल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी: खास पळण्यासाठी बनवलेली गार्मिन, कोरोस, पोलर, सुंटो यांसारख्या कंपन्यांची घड्याळं साधारण वीस हजारांच्या आसपास सुरू होतात. यात इंटरव्हल सराव घालता येतो, घामेजलेल्या बोटांनीही चालतील अशी बटणं असतात आणि उन्हात स्क्रीन वाचता येतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर टचस्क्रीनशी झटापट करणाऱ्याला बटणांची किंमत कळते.

घाट आणि ट्रेकसाठी: बॅरोमीटर, नकाशा आणि मोठी बॅटरी पाहा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धेत किती चढ झाला, किती उरला हे उंचीच्या नोंदीवरून कळतं.

आधीच स्मार्टवॉच असणाऱ्यांसाठी: अ‍ॅपल किंवा सॅमसंगचं चांगलं घड्याळ पळण्यासाठी बहुतेकांना पुरतं. त्यांची बॅटरी मात्र एक-दोन दिवसांचीच असते. ठोक्यांवर सराव करायचा असेल तर नवं घड्याळ घेण्यापेक्षा छातीचा पट्टा घेणं स्वस्त पडतं.

पैसे देण्यापूर्वी हे तपासा

- फोन: अ‍ॅपलचं घड्याळ फक्त आयफोनवर चालतं. सॅमसंगची नवी घड्याळं फक्त अँड्रॉइडवर.
- बॅटरी: जाहिरातीतले '१४ दिवस' जीपीएस बंद असतानाचे असतात. जीपीएस चालू ठेवून किती तास टिकते, हे पाहा. पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला किमान दुप्पट तरी हवेत.
- पाणी: ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोलीवरच्या स्थिर पाण्याच्या दाबाएवढी चाचणी. पावसात पळायला आणि पोहायला ते चालतं. ५० मीटर खोल बुडी मारावी असा त्याचा अर्थ नाही.
- वर्गणी: काही कंपन्या सविस्तर माहितीसाठी महिन्याचे पैसे घेतात. ते धरून तीन वर्षांचा खर्च काढा.
- पट्टा: २० किंवा २२ मिलिमीटरचा साधा पट्टा बसतो का, ते पाहा. खास आकाराचा पट्टा तुटला तर घड्याळच पडून राहतं.

पहिल्या आठवड्यात घरच्या घरी चाचणी

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी चार गोष्टी करून पाहा. मनात मोजून २०० पावलं चाला आणि घड्याळाशी ताडून पाहा. पळून थांबल्या थांबल्या बोटांनी ठोके मोजा. एकाच मार्गावर तीन वेगवेगळ्या दिवशी पळा आणि तिन्ही अंतरं जवळपास सारखी येतात का, ते पाहा. जीपीएस लावून तासभर पळल्यावर बॅटरी किती उतरली, ते टिपून ठेवा.

यातली तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची. घड्याळ दरवेळी १०० मीटर जास्त दाखवत असेल तर तुमची प्रगती तरीही कळेल. एकदा कमी, एकदा जास्त असं करत असेल तर परत करा.

तुमची माहिती कोणाकडे जाते?

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा अ‍ॅपने जगभरातल्या पळण्याच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात सैनिकी तळांभोवतीचे मार्गही उजळून दिसले. सामान्य माणसाच्या बाबतीत रोजचा मार्ग म्हणजे घराचा पत्ता आणि बाहेर पडायची वेळ. पहाटे एकटं पळणाऱ्यांनी, विशेषतः महिलांनी, अ‍ॅपमध्ये घराजवळचा भाग लपवण्याची सोय सुरू करावी आणि मार्ग सगळ्यांना दिसणार नाही असं ठेवावं. पळून आल्यावर स्टेटसला नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतानाही हे लक्षात असावं. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्यांनी ती कोणासोबत वाटली जाते, हे सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावं.

घड्याळ नसेल तर?

पळायला घड्याळ लागत नाही. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी पायाला नीट बसणारे बूट घ्यावेत. अंतरासाठी फोनमधलं मोफत अ‍ॅप आणि वेगासाठी बोलून पाहण्याची चाचणी पुरेशी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम सुचवते, आणि मिनिटं भिंतीवरच्या घड्याळातही मोजता येतात.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळायला सुरुवात करणाऱ्यांनी, तसंच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी मात्र घड्याळाच्या आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मनगटावरच्या कोणत्याही घड्याळाने ती तपासणी होत नाही.